सदर बाब आमच्या अखत्यारीत नाही

मिरा-भाईंदरला नवा महापौर मिळाला तेव्हा सगळ्यात जास्त भरून आलं असेल ते शहरातल्या पंचविशीतल्या पोरांना. महापालिकेची आधीची निवडणूक झाली ऑगस्ट 2017मध्ये आणि त्यानंतरची थेट 15 जानेवारी 2026ला. 2017मध्ये सतरा वर्षांचा असलेला जो मुलगा "पुढच्या वेळी मी पण मत देणार" म्हणून आईजवळ उड्या मारत होता, त्याची पुढची वेळ आली तोवर त्याला नोकरी लागली होती आणि लग्नाचा बायोडेटा नातेवाइकांच्या ग्रुपवर फिरू लागला होता. ऑगस्ट 2022मध्ये जुन्या सभागृहाची मुदत संपली आणि प्रशासकांचं राज्य आलं. त्या काळात शहरात एकही नगरसेवक नव्हता. बॅनरवर मात्र सगळे होते. नावाआधीचा 'माजी' तेवढा वाचायला दुर्बीण लागायची.

इतकी वर्षं ताटकळलेला मतदार आला की काहीतरी मागणारच. पण त्याला कुणी विचारेपर्यंत थोरामोठ्यांनी विषय ठरवूनही टाकला होता: महापौर मराठी हवा की नको. जुलै 2025मध्ये याच शहरात भाषेवरून आधी व्यापाऱ्यांचा मोर्चा निघाला, मग मराठी माणसांचा. मराठीचा अभिमान या सदरालाही आहे, नाहीतर ते मराठीत कशाला लिहिलं असतं? पण भाईंदर पूर्वेच्या एका मुलीला या वादावर मत विचारलं तर ती म्हणाली, "काका, नळाला पाणी कुठल्याही भाषेत आलं तरी चालेल. फक्त मी घराबाहेर पडायच्या आधी येऊ दे."

हिच्यासाठी सूर्या धरणाची योजना आहे. एकूण पाणी रोज 403 दशलक्ष लिटर, त्यातलं मिरा-भाईंदरच्या वाट्याचं 218. वसई-विरारकरांच्या नळाला त्यांचा वाटा आधी पोचला. आपला 'लवकरच' पोचणार आहे, आणि तो 'लवकरच' आता वयात आला आहे. महापौरांना विचाराल तर योजना एमएमआरडीएची. सध्याचं पाणी येतं ते स्टेम या पाणीपुरवठा कंपनीकडून आणि एमआयडीसीकडून. महापालिकेचं स्वतःचं असं पाणीपट्टीचं बिल आहे.

पोरांच्या मागण्यांची ही मोठीच गंमत आहे. मागणी भाईंदरची, मालक भलतीकडेच. "सकाळच्या विरार लोकलमध्ये मिरा रोडला एक पाय तरी ठेवता यावा" असं कुणी म्हणावं, तर रेल्वे दिल्लीची. (चढता येत नाही ते सोडा, संध्याकाळी विरार फास्टमधून भाईंदरला उतरायचं म्हटलं तर दारातली मंडळी 'फास्ट पकडलीच कशाला' म्हणून आपलाच उद्धार करतात.) दहिसरच्या टोलनाक्यावर छोट्या गाड्यांना ऑक्टोबर 2024पासून माफी आहे, म्हणजे कोंडीत आता फुकट उभं राहता येतं. नाका पुढे हलवायची घोषणा झाली, तर पलीकडच्यांनी 'आमच्याकडे नको' म्हणून सांगितलं. उत्तनला कचऱ्याच्या डोंगराला आग लागते, तिचा धूर तेवढा शंभर टक्के स्थानिक.

आणि तो पूल! मेट्रो-9च्या खाली, गोल्डन नेस्टजवळचा. चार पदरी चढतो आणि पुढे एकदम दोन पदरी होतो. 2026च्या जानेवारीत त्याचे फोटो देशभर फिरले, मिरा-भाईंदर एका रात्रीत प्रसिद्ध झालं. एमएमआरडीएने खुलासा केला की रचनेत कसलाही दोष नाही. दोन पदर भाईंदर पूर्वेसाठी आणि उरलेले दोन पश्चिमेला जाणार आहेत, म्हणजे पुढे कधीतरी, रेल्वे ओलांडून. खुलासा वाचून इंजिनिअरिंगला असलेला आमच्या सोसायटीतला एक मुलगा गंभीर झाला. परीक्षेत अर्धाच पेपर सोडवून खाली 'उरलेला भाग भविष्यातील विस्तारासाठी राखून ठेवला आहे' असं लिहिलं तर मार्क मिळतील का, असं त्याने मला विचारलं. मी म्हटलं, मार्क नाही, पण नोकरी मिळेल.

तर असे हे सगळे मालक बाहेरगावचे. मग महापौरांकडे काय असतं? देशात राष्ट्रपतींचं जे, तेच शहरात महापौरांचं. मान पहिला, सही शेवटची. 1949च्या महापालिका अधिनियमाप्रमाणे कारभार चालवायचा आयुक्तांनी, आणि आयुक्त पाठवायचे राज्य सरकारने. तिजोरीची किल्ली स्थायी समितीकडे. महापौरांच्या वाट्याला सर्वसाधारण सभेचं अध्यक्षपद, अडीच वर्षांची मुदत आणि कात्री. गाडीवर लाल दिवा असायचा, तोही गेला. राष्ट्रपतींना निदान राहायला भवन आहे आणि दारात घोडेस्वार. आमच्याकडे महापालिकेचं इंदिरा गांधी भवन आहे, त्याच्या दारात रिक्षा.

खाली उतरून नगरसेवकाला गाठावं, तर प्रभागात बहुतेक ठिकाणी ते चार-चार. गटार तुंबलं की चौघेही म्हणतात, "अरे, तो माझा भाग नाही." गटार साफ झालं की चौघांचेही फोटो येतात. शहरातली कामं दुसऱ्यांची, आभार मात्र स्थानिक, आणि तेही 'आमच्या प्रयत्नांना यश' या मथळ्याखाली. बसथांब्यावर रोज उभी राहणारी एक कॉलेजची मुलगी मला म्हणाली की तिची मागणी अगदी छोटी आहे: अभिनंदनाचे बॅनर हातभर वर बांधावेत, म्हणजे त्याखालून येणाऱ्या बसचा नंबर वाचता येईल. सगळ्या यादीत एवढीच मागणी खऱ्या अर्थाने महापालिकेच्या हातातली होती. त्यामुळे तिचं काही होईल असं वाटत नाही.

मात्र सरकारी खाती एकत्र येतच नाहीत असं म्हणणं अन्यायाचं होईल. डिसेंबर 2025मध्ये भाईंदर पूर्वेला भरवस्तीतल्या एका इमारतीत बिबट्या शिरला. माणसं जखमी झाली, तो प्रकार हसण्यासारखा नव्हताच. पण त्या दिवशी पोलीस आले, अग्निशमन दल आलं, वन विभागाचं पथक आलं. 'हद्द कोणाची' असं कुणी विचारलं नाही, निविदा निघाली नाही, भूमिपूजनाला कुणी खोळंबलं नाही. त्याच दिवशी बिबट्या पकडला गेला.

पोरांनी हे नीट पाहून ठेवलंय. म्हणून महापौरांना द्यायच्या त्यांच्या निवेदनातली शेवटची मागणी अशी: जिथे जिथे काम अडलंय तिथे महापौरांनी एक-एक बिबट्या सोडण्याची व्यवस्था करावी. एक गोल्डन नेस्टच्या पुलावर, जिथे दोन पदर संपतात तिथे. एक मिरा रोडच्या फलाटावर, सकाळी साडेआठला. एक दहिसर नाक्याला. आणि एक सूर्याच्या जलवाहिनीवर, तो जरा मोठा बघून.

निवेदनावर सह्या सुरू होत्या, तेवढ्यात उत्तनच्या एका मुलाने पेन खाली ठेवलं. मेट्रोच्या कारशेडसाठी डोंगरीची बारा हजारांहून जास्त झाडं तोडायचा घाट घातल्यापासून तो असाच मध्ये मध्ये बोलतो. "अर्ज कशाला करता?" तो म्हणाला. "झाडं गेली की ते आपले आपण येतील."