रॅम्पकाका

डोंबिवलीचा एमआयडीसी निवासी विभाग असो, टिळकनगर असो, नाहीतर ठाण्याच्या घोडबंदर रोडवरचं एखादं संकुल. रविवारी सकाळी गेटाबाहेर एक गाडी उभी दिसते. चारही इंडिकेटर चालू, डिकी उघडी आणि डिकीपासून रस्त्यापर्यंत एक काळी फळी तिरकी टेकलेली. वरच्या टोकाला, डिकीत अर्धे घुसून, बर्म्युडा घातलेले साठीतले गृहस्थ हातात पार्ले-जी घेऊन ओणवे झालेले. खालच्या टोकाला लॅब्राडोर. त्याचं सगळं लक्ष पार्ले-जीकडे, फळीकडे नाही.

हे रॅम्पकाका.

हा कुत्रा काकांनी आणलेला नसतो. तो मुलीने हट्टाने आणलेला असतो, आणि मग मुलगी टोरांटोला गेलेली असते. ‘घरात कुत्रा येणार असेल तर मी नाही राहणार’ असं त्या वेळी म्हणालेले काका आता त्याच्यासाठी दही-भात कालवतात. नाव बहुधा ब्रूनो. एमआयडीसीत मोठ्याने ‘ब्रूनो’ म्हटलं की तीन-चार बाल्कन्यांतून भुंकणं ऐकू येतं.

लॅब्राडोर नराचं वजन साधारण २९ ते ३६ किलो असावं. आपला ब्रूनो ४२ वर गेलाय, कारण काकू त्याला काकांपासून लपवून तूप-पोळी देतात आणि काका काकूंपासून लपवून. नवव्या वर्षी तो मागच्या पायांनी अडखळायला लागला. डॉक्टरांनी एक्स-रे दिव्यावर धरला. खुब्याची खोबण उथळ, सांधा झिजलेला. या जातीत हे नेहमीचंच. ‘उड्या बंद. चढायच्या तर बंदच, उतरायच्या आधी बंद.’ कुत्र्याचा साठ टक्के भार मुळात पुढच्या पायांवर असतो, वरून उडी मारली की सगळा धक्का खांद्यांवर आणि कोपरांवर येतो. हे काका आता लिफ्टमध्ये भेटेल त्याला सांगतात. तुम्ही तळमजल्यावर उतरणार असलात तरी.

उचलून ठेवण्याचा प्रयोग अर्थातच झाला होता. एक हात छातीखाली, एक ढुंगणाखाली. ब्रूनो डिकीत पोचला आणि काका कमरेला पट्टा बांधून आठवडाभर आडवे. मग रॅम्प आला. पहिला चार फुटी आला तो परत गेला. काका निवृत्त इंजिनिअर. डिकी दोन फूट उंच, म्हणजे कोन तीस अंश. ‘तीस अंशावर तुम्ही चढाल का हो?’ दुसरा सहा फुटी, साडेएकोणीस अंशाचा. मधोमध घडी होणारा, वर पॉलिशपेपरसारखा खरखरीत पत्रा. घडी घालताना ‘खडाक्’ असा आवाज येतो आणि त्यानंतर काका थोडा वेळ अंगठा तोंडात धरून उभे असतात.

रॅम्प सहा फुटी आणला खरा, पण डोंबिवलीत गाडीच्या मागे सहा फूट जागा कुणाकडे असते? स्टिल्टमध्ये गाडी भिंतीला नाक लावून, मागे कुणाची तरी अ‍ॅक्टिव्हा. म्हणून सगळा सोहळा रस्त्यावर. फळी टेकली की मागे रिक्षा थांबतात, भोंगे सुरू होतात, आणि भोंगे सुरू झाले की ब्रूनो बसतो. एकदा बसला की ४२ किलोंचे ४२० होतात. दूधवाला म्हणतो, मागून ढकला. इस्त्रीवाला म्हणतो, डोळे बांधा. समोरचे नेने आजोबा गॅलरीतून ओरडतात, ‘अहो, चालतच न्या की ठाण्याला!’

ढकला म्हटलेलं मात्र काकांना सहन होत नाही. इथे त्यांचा मूळ स्वभाव कळतो. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून पहिली गाडी चारशे पाहुण्यांना घेऊन ठाण्याला आली. ते पाहुणे बसून आले असणार. ठाण्याच्या पुढे त्यानंतर कुणी बसून आल्याचं काकांच्या ऐकिवात नाही. नोकरीची सगळी वर्षं त्यांनी डोंबिवलीहून लोकल ‘पकडली’ म्हणजे काय, तर मागच्यांनी त्यांना आत घातलं आणि ठाण्याला उतरणाऱ्यांनी बाहेर काढलं. चढणं ही क्रिया त्यांनी स्वतः कधी केलीच नाही. ‘माझ्या कुत्र्याला कुणी ढकलणार नाही,’ ते रिक्षावाल्याला सांगतात. ‘तो स्वतःच्या पायांनी, स्वतःच्या मर्जीने चढेल.’

काकूंचं म्हणणं वेगळं. ‘आपल्या आईंचे गुडघे गेले तेव्हा तीन मजले जिना होता. तेव्हा नाही सुचला अंश-बिंश.’ यावर काका रॅम्प पुसायला घेतात.

सराव हॉलमध्ये झाला होता. आधी फळी जमिनीवर सपाट, मग एक टोक पाटावर, मग सोफ्यावर. खाऊ टप्प्याटप्प्यावर. घरात ब्रूनो फळीवरून राजासारखा चालतो, रस्त्यावर तीच फळी त्याला अनोळखी वाटते. परवा ठाण्याला हाडांच्या डॉक्टरांची वेळ घेतलेली, माणकोली पुलावरून वेळेत पोचायचं होतं. काका डिकीतून ‘चल राजा, पुढचा पाय... शाब्बास’ करत होते. ब्रूनोने फळी हुंगली, वळला, मागे भोंगा वाजवणाऱ्या रिक्षाकडे गेला आणि आत चढून बसला. रिक्षाची फळी जमिनीपासून जेमतेम फूटभर. त्याचं गणित बरोबर होतं.

‘काका, शेअर आहे,’ रिक्षावाला म्हणाला. ‘अजून दोन घेणार.’

रॅम्पचा खरा उपयोग मात्र वेगळाच निघाला. आमच्या बिल्डिंगला लिफ्ट आहे, पण लिफ्टपर्यंत तीन पायऱ्या. तिथे उतार करावा हा मुद्दा दरवर्षी वार्षिक सभेत ‘ऐनवेळच्या विषयां’त येतो आणि चहा आला की मावळतो. दुसऱ्या मजल्यावरच्या आजी गुडघ्याचं ऑपरेशन करून परत आल्या तेव्हा सेक्रेटरी खुर्ची उचलायला चार माणसं शोधत होते. काका काही न बोलता फळी घेऊन आले, खडाक् करून उघडली, मर्यादा ९० किलो असं छापलेलं सर्वांना वाचून दाखवलं. दीड फूट उंची, सहा फूट लांबी, साडेचौदा अंश. ब्रूनोपेक्षा सोपं.

आजी वॉकर सोडून काकांचा हात धरून निघाल्या. काका उलटं चालत, ओणवे होऊन, सवयीनेच बोलत होते. ‘हळू... घाई नाही... पुढचा पाय... शाब्बास, शाब्बास, गुड गर्ल.’

सगळे गप्प झाले. काकांचे कान लाल. आजी मात्र शेवटचं पाऊल टाकून लिफ्टपाशी पोचल्या, श्वास घेतला आणि तळहात पुढे केला.

‘बिस्किट?’