हप्तेकाका

सोलापुरात बीसीएचा निकाल लागला की पोरगं आधी सिद्धेश्वराच्या पाया पडतं, मग पेढे वाटतं आणि शेवटी, आई मागं लागते म्हणून, हप्तेकाकांकडं जातं. असे काका प्रत्येक पेठेत एखादे तरी असतातच. बँकेतून नाहीतर पतसंस्थेतून निवृत्त, खिशात दोन पेनं, आणि सात रस्त्यावरच्या चहाच्या गाड्यावर ठरलेली खुर्ची. आमच्या काकांनी नोकरीभर कर्जं वाटली, स्वतः मात्र एकदाही काढलं नाही. दारूबंदीवर बोलायला न पिणारा माणूस लागतो, त्यातलंच हे.

"काय बे, एमसीए करायचंय म्हणं?"

"हो काका."

"बस. दोन चहा सांग."

पैसे पोरगंच देतं. काका त्याला प्रोसेसिंग फी म्हणतात.

मग लग्नपत्रिकेची कोरी पाठ निघते. "पूर्वी तीन वर्षांचं होतं हे. २०२० पासून दोन वर्षांचं केलं, म्हणून स्वस्त झालं असं वाटतंय तुला. धर, फी-बी, राहणं-खाणं मिळून वर्षाला २ लाख. ४ लाखांपर्यंत बँक तारण मागत नाही, म्हणून बाप खूष. शिकताना हप्ता नाही, वर आणखी एक वर्ष सवलत, म्हणून तू खूष. आणि व्याज?"

पोरगं गप्प.

"व्याज चालूच असतंय की! पहिल्या २ लाखांवर ३ वर्षं, दुसऱ्या २ लाखांवर २ वर्षं, १० टक्क्यांनी. झाला १ लाख. म्हणजे कमवायला लागायच्या आत ५ लाखांचा धनी झालास. ७ वर्षांत फेडायचे तर महिना ८,३००."

हे गणित खोटं नाही, हे मान्य करायला हवं. सवलतीच्या काळात व्याजाचं मीटर पळत असतं, हे निम्म्या पालकांना पहिला हप्ता कापला गेल्यावर कळतं.

पुढचा भाग काका चवीनं सांगतात. साडेतीन लाखांचं पॅकेज म्हणजे हातात २५ हजार. हिंजवडीत कॉट बेसिसवर ७ हजार, मेस साडेतीन हजार, मोबाइल-पेट्रोल २ हजार. हप्ता गेल्यावर उरले ४,२००. "त्यात हुतात्मा एक्सप्रेसनं गावाकडं येणार, येताना आईला साडी आणणार!" साडी ते हमखास धरतात. लगेच उपायही सुचवतात: घरून कडक भाकरी आणि शेंगाचटणी न्यायची. भाकरी महिना टिकते, म्हणजे मेसचे साडेतीन हजार सुटले. पोरगं महिनाभर काय चावणार, हा दातांचा प्रश्न. तो त्यांच्या खात्यात येत नाही.

शेवटचा घाव असतो न मिळालेल्या पगाराचा. "बीसीएवर १५ हजारांची नोकरी धरली असतीस तर दोन वर्षांत ३ लाख ६० हजार. ते कुठं गेले?" पोरगं खरंच खिसा चाचपतं. जे पैसे कधी आलेच नाहीत ते गमावल्याचं दुःख घेऊन पोरं गाड्यावरून उठताना मी पाहिली आहेत. जाता जाता काका फुंकर घालतात, "व्याजावर आयकरात सूट आहे, जुनी करप्रणाली धरलीस तर, आठ वर्षं. फक्त कर लागावा एवढा पगार आधी मिळू दे."

काकांच्या गणितात पगार मात्र पहिल्या महिन्यात जो गोठतो तो गोठतोच. हप्ता सात वर्षं तोच राहतो आणि पगार हलतो, हे सांगायला गेलं की म्हणतात, "लेखी आहे का तुझ्याकडं?" त्यांचा स्वतःचा मुलगा एमसीए होऊन पुण्यात आहे. त्याचा पगार काकांना ठाऊक नाही. तो सांगतच नाही. पत्रिकेची पाठ त्यानं लहानपणापासून पाहिली आहे.

सोलापूर विद्यापीठाबद्दल त्यांचं एक ठाम मत आहे: केगावला, पुणे हायवेवर ते मुद्दाम बांधलंय, पदवी हातात पडली की पोरांनी उलटं वळायला नको.

गेल्या हंगामात त्यांची पंचाईत केली ती पूर्वभागातल्या एका मुलीनं. आई विड्या वळते, वडील टॉवेलच्या कारखान्यात. पत्रिका निघाली, ४ लाख लिहून झाले.

"काका, शिक्षण शुल्क शून्य आहे."

"कसं काय?"

"२०२४ चा जीआर. मी ओबीसीत, उत्पन्न ८ लाखांच्या आत, कॅप राउंडमधून प्रवेश. महाडीबीटीवर फॉर्म भरलाय."

"राहणं?"

"घरीच. कॉलेज सोलापुरातच घेतलंय."

काकांनी ४ लाख खोडले. मुद्दल नाही म्हटल्यावर व्याज लावायचं कशावर? मग घाईघाईनं न मिळालेला पगार काढला. ती म्हणाली, शिकवण्या घेते, महिना ६ हजार मिळतात. काका कासावीस झाले. ६ हजारांची आवर्ती ठेव, ७ टक्के, दोन वर्षांत दीड लाखाच्या वर, असं काहीतरी लिहू लागले, पण त्यात राम नव्हता. उगीच जमा होणारे पैसे मोजायची त्यांना सवय नाही.

"ते नाही साठायचे काका," ती म्हणाली. "लॅपटॉपचा हप्ता आहे."

"हप्ता?" काका सावरून बसले. "आधी बोलायचं की गं! किती महिन्यांचा? टक्के किती लावलेत?"