पाकीट, वायर आणि चोवीस शब्द

हार्डवेअर वॉलेट म्हणजे ज्यात पैसे नसतात असे पाकीट. बिटकॉइनसारखी नाणी ब्लॉकचेनवरच राहतात. पेनड्राइव्हएवढ्या यंत्रात असते ती फक्त खासगी किल्ली, आणि संगणकाला जोडले तरी ती बाहेर पडत नाही. ग्राहक मात्र एवढा सावध नसतो. सोलापुरात चादर घेताना जो माणूस सूत चिमटीत धरून पाहतो, तोच हे यंत्र 'थोडेसेच वापरलेले' म्हणून स्वस्तात घेतो.

जोडणी सोपी आहे. सीलबंद खोके, चांगली वायर, आणि निर्मात्याच्याच संकेतस्थळावरून घेतलेले अ‍ॅप. जाहिरातीतल्या दुव्यावरून घेतलेले नव्हे. किल्ली परत मिळवण्यासाठी यंत्र 12 किंवा 24 शब्द देते. ते कागदावर उतरवायचे. संगणकावर टाइप करायचे नाहीत, फोटोही काढायचा नाही. शब्द आधीच छापून आले असतील, तर नाणीही आधीच कोणाची तरी झाली आहेत. पैसे पाठवताना पत्ता यंत्राच्या पडद्यावर ताडून पाहायचा, कारण संगणकाचा पडदा खोटे बोलू शकतो. पिन तीनदा चुकला की लेजर कंपनीचे यंत्र स्वतःला पुसून टाकते. एवढा स्वाभिमान एटीएम कार्डातही नाही.

2021 मध्ये लेजरच्या काही ग्राहकांना बनावट यंत्रे टपालाने घरपोच, तीही फुकट मिळाली. पुण्यात 2018 च्या बिटकॉइन घोटाळ्याच्या तपासात पोलिसांनी मदतीला घेतलेल्या दोन तज्ज्ञांनाच 2022 मध्ये, नाणी वळवल्याच्या आरोपावरून अटक झाली. या मानवी जातीच्या व्हायरसवर अँटिव्हायरस निघालेला नाही.

उरला शब्दांचा कागद. तो बहुधा चादरीच्या घडीत जातो, आणि दिवाळीच्या आवराआवरीत चादर धुवायला.