मोठे बाबा

लेकराचं ऑपरेशन जितकं छोटं, तितका सोबतीचा गोतावळा मोठा. अंगणवाडीत तपासणीला आलेल्या पथकाने चार वर्षांच्या बाबूच्या जांघेतली गाठ पाहून हर्निया सांगितला, गोंदियाची तारीख मिळाली, आणि सालेकसा तालुक्यातल्या त्या घरचे आईबाप निघायच्या आत मोठे बाबा जीपच्या पुढच्या सीटवर जाऊन बसलेसुद्धा.

मोठे बाबा म्हणजे बापाचे थोरले भाऊ. धानपट्ट्यात घरटी एक असतातच. रोवणी आटोपली की रिकामे. कधीकाळी स्वतःचं अपेंडिक्स काढलेलं. त्या व्रणालाच ते डॉक्टरकीची पदवी समजतात आणि वॉर्डात सदरा वर करून सगळ्यांना दाखवतात. लेकरांचा हर्निया औषधाने जात नाही, आतडं अडकायच्या आत शिवून घ्यावा लागतो, हे डॉक्टरांनी समजावलं. मोठे बाबा म्हणाले, "पट्टा बांधून पाहू ना आधी."

सिस्टरने बजावलं होतं: सहा तास आधीपासून खाणं बंद, शेवटचे दोन तास पाणीही नाही. भूल दिल्यावर पोटातलं वर येऊन फुफ्फुसात गेलं तर जिवावर बेततं. सगळ्यात जास्त मान मोठ्या बाबांनीच हलवली. मग हळूच विचारलं, "चहा म्हणजे पाणीच ना, सिस्टर? बिस्कुट त्यात विरघळून जाते."

सकाळी भूल देणाऱ्या मॅडमनी बाबूला विचारलं, "काही खाल्लंस?"

"मोठ्या बाबानं बिस्कुट देलं." खोटं बोलायचं त्याचं वयच नव्हतं.

"अर्धंच होतं, मॅडम! बाकीचं सांडलं ना त्यानं." पण बंडीच्या खिशातून पार्ले-जीचा फाटका पुडा डोकावत होता.

ऑपरेशन दुसऱ्या दिवसावर गेलं. आईचा चेहरा पाहण्यासारखा झाला. मोठ्या बाबांचा मात्र आवाज चढला: "उपाशी लेकराच्या अंगात ताकद कुठून येईन? मी सांगून राहिलो ना!" गावाला फोन करून त्यांनी मशीन बिघडल्याचंही कळवून टाकलं.

दुसऱ्या दिवशी त्यांना औषधाच्या रांगेत उभं केलं, तेव्हा कुठे काम झालं. संध्याकाळी बाबू घरी. आता पारावर ते सांगतात, "पहिल्या दिवशी मुहूर्त नव्हता, मीच थांबवलं."

तुमच्याही घरी असे मोठे बाबा असतील तर त्यांना जरूर न्या, धावपळीला त्यांच्यासारखा माणूस नाही. फक्त आदल्या रात्री बंडीचे खिसे रिकामे करून घ्या.