ट्रायलदादा

ट्रायलदादांनी अॅपचं बटण काढलेलं अजून कोणी पाहिलेलं नाही. बटण कशात काढावं हे मात्र त्यांच्याइतकं डहाणू-तलासरीत दुसऱ्या कोणाला कळत असेल, असं मला वाटत नाही.

दादांचं दुकान रानशेतला. पाटीवर झेरॉक्स, सातबारा, ऑनलाइन फॉर्म, पासपोर्ट फोटो. आत एक जुना संगणक आहे. त्याच्या पडद्यावर चित्रं काढायच्या सॉफ्टवेअरची इतकी दाटी झाली आहे, की मागचा महालक्ष्मीचा फोटो पार झाकला गेलाय. देवीचा मुकुट तेवढा वर दिसतो. कोणतंही सॉफ्टवेअर दादा ट्रायलच्या मुदतीपुरतं वापरतात आणि मुदत संपायच्या आदल्या रात्री काढून टाकतात, म्हणून पोरांनी हे नाव ठेवलं. दादांना त्याचा राग नाही. उलट पहिल्यांदा ऐकलं तेव्हा त्यांनी विचारलं होतं, “सात दिवसांची की तीस?”

तरुणपणी डहाणूला एका डीटीपीच्या दुकानात ते लग्नपत्रिका लावायचे. तिथे कोरल. कोरलड्रॉ १९८९ साली निघालं ते कॅनडात, पण आपल्या फ्लेक्सवाल्यांनी त्याला असं घरचं करून घेतलंय की ‘फाइल सीडीआरमध्ये दे’ म्हटल्याशिवाय महाराष्ट्रात कोणत्याही भाऊंचा वाढदिवस साजरा होत नाही. दादांचा हात कोरलवर पक्का बसलेला. तरी आयकॉनसाठी ते कोरल बाद करतात. “बॅनर रस्त्याच्या पलीकडून बघायचा असतो, आयकॉन वीतभरावरून. बारा फुटांचे भाऊ आणि चोवीस पिक्सेलचा चिकू एका हत्यारानं होत नाहीत.” वाक्य चांगलं आहे. मी लिहून घेतलं. चिकू मात्र निघाला नाही.

फोटोशॉपवर त्यांचा वेगळा राग. नोल बंधूंनी केलेलं ते सॉफ्टवेअर १९९० साली बाजारात आलं, आणि दादांनी ते कुठल्याशा सीडीवरून शिकून घेतलं. (कुठल्या सीडीवरून, हे रानशेतमध्ये विचारायचं नसतं.) २०१३ मध्ये अडोबीनं ठरवलं की नव्या आवृत्त्या विकायच्या नाहीत, भाड्यानं द्यायच्या. “मी भाडं थांबवलं की माझीच फाइल मला परकी?” दादा विचारतात. त्यांनी एकदाही भाडं भरलेलं नाही, पण प्रश्न म्हणून तो चुकीचा नाही.

मग गिंप. फुकट, आणि हवं त्यानं आतला कोडही उघडून बघावा असं. २.१० ही आवृत्ती २०१८ च्या एप्रिलमध्ये आली. दादांना आवडली. पण तेवढ्यात त्यांना कळलं, की पुढची ३.० मोठी येणार आहे. “तीन येऊ दे. उगाच दोनवर हात बसवायचा नि मग मोडायचा.” तीन आली २०२५ च्या मार्चमध्ये. मधल्या काळात करोना येऊन गेला, दुकानाचे पत्रे बदलले, आणि दुकानात पहिलीच्या प्रवेशाला फोटो काढून गेलेली पोरं सातवीत जाऊन बसली. मी धावत जाऊन दादांना बातमी दिली. त्यांनी माझ्याकडे दयेनं पाहिलं. “पॉइंट शून्य कोणी घेतं का? पुढची येऊ दे.”

त्यांची खरी भक्ती इंकस्केपवर. २००३ साली सोडिपोडी नावाच्या प्रकल्पातून फुटून निघालेलं हे सॉफ्टवेअर स्वतःला ‘१.०’ म्हणवून घ्यायला २०२० च्या मे महिन्यापर्यंत थांबलं. सतरा वर्षं! हे सांगताना दादांचा आवाज भरून येतो. जगात आपल्या स्वभावाचं कोणीतरी आहे, याचा तो आनंद असावा. फिग्माही त्यांनी एकदा शिकायला घेतलं होतं. तेवढ्यात, सप्टेंबर २०२२ मध्ये, अडोबी ते वीस अब्ज डॉलरला घेणार अशी घोषणा झाली, आणि दादांनी हात आखडता घेतला. डिसेंबर २०२३ मध्ये सौदा फिसकटला. दादांनी सुटकेचा श्वास टाकला, आणि फिग्मा पुन्हा उघडलं नाही.

एवढ्यावरून कोणी त्यांना निकम्मा म्हणेल, तर ते मला मान्य नाही. गावोगाव लग्नं जुळवत हिंडणारा एखादा मामा स्वतः बिनलग्नाचा असतो ना, तशी दादांची गत आहे. दुसऱ्यासाठी निवडायला त्यांना पाच मिनिटं लागतात, आणि निवड चुकत नाही. कासाच्या फ्लेक्सवाल्याच्या संगणकाची मेमरी पाहून त्यांनी त्याला सांगितलं, नवीन कोरलच्या नादी लागू नकोस, जुनंच ठेव. वारली चित्रांची भेटकार्डं छापून घेणाऱ्या एका पोराला म्हणाले, मोबाइलनं फोटो नको, सहाशे डीपीआयला स्कॅन कर, जेपीजी नको, टिफ ठेव. त्याच्या कार्डांवर आज गेरूचा कण न् कण दिसतो. शाळेतल्या बाईंना, आश्रमशाळेच्या पोरींना, ज्याला जे हवं ते त्यांनी देऊन टाकलंय. गोष्ट अडते ती फक्त दादांनी स्वतःसाठी निवडायची वेळ आली की.

ती वेळ बचत गटामुळे आली. दादांचा पुतण्या इंजिनिअरिंगला आहे. त्यानं गटासाठी छोटं अॅप करायला घेतलं आणि त्यातली चार बटणं काकांवर सोपवली. बचत, कर्ज, परतफेड, बैठक. गटातल्या निम्म्या बायकांना वाचता येत नाही, तेव्हा चित्रावरूनच कळायला हवं. काम चारच चित्रांचं. दादांनी वही उघडली आणि रकाने आखले. आडव्यात सॉफ्टवेअर, उभ्यात गुण: पारदर्शकता, जाळी, थर, एसव्हीजी निघतं का, वीज गेल्यावर फाइल वाचते का. हा शेवटचा रकाना जगातल्या कुठल्याही तुलनेत मी पाहिलेला नाही, आणि पावसाळ्यात रानशेतला तोच सगळ्यात महत्त्वाचा.

मध्येच त्यांनी कुठेतरी वाचलं, की १९८४ च्या मॅकिन्टॉशची चिन्हं सुझन केअर या बाईंनी आधी चौकटींच्या वहीत काढली होती. बत्तीस आडव्या, बत्तीस उभ्या, म्हणजे १,०२४ घरं. एकेक घर भरत गेलं की चित्र तयार. मला वाटलं, झालं, आता सुटलो. सॉफ्टवेअर नको, वही पुरे. दादा त्याच दुपारी डहाणूला गेले. गणिताच्या वहीची घरं फार मोठी, आलेखाच्या कागदाची फार बारीक. दोन्ही घेऊन आले. तुलनेसाठी.

तेव्हा बायकांनीच बैठक बोलावली. पुतण्यानं बचतीला तात्पुरतं तयार चिन्ह लावलं होतं, गुलाबी डुक्कर. अध्यक्षीणबाई बराच वेळ बघत राहिल्या. “डुकराच्या पोटात पैसे कशाला? कणगी काढा. साठवतो ते कणगीत.” कणगी एकमतानं मंजूर झाली. बैठकीला गोल बसलेल्या बायका, परतफेडीला उलटा बाण, हेही पटापट ठरलं. अडलं कर्जावर. मागून एक आजी म्हणाल्या, “सावकाराचं तोंड काढ.” सगळ्या हसल्या. १९४५ साली तलासरीजवळ झरीला वेठबिगारीविरुद्ध जमलेल्या माणसांचा हा मुलूख. इथे सावकाराचं तोंड ओळखायला वाचता यावं लागत नाही. पण बचत गटाच्या अॅपवर सावकार कसा चालेल, म्हणून शेवटी नोट धरलेला हात ठरला.

दादांनी बटणाचं माप सांगितलं: अँड्रॉइडच्या नियमानं किमान अठ्ठेचाळीस डीपी, म्हणजे साधारण नऊ मिलिमीटर. अध्यक्षीणबाईंनी आपला अंगठा त्यांच्या डोळ्यांसमोर धरला. आवणी करून भेगाळलेला, नऊ मिलिमीटरच्या दुप्पट. “यात काय करू, दादा?” दादांनी मुकाट्यानं वहीत ‘९० डीपी’ लिहिलं. गूगलच्या नियमात दुरुस्ती झाली.

“वारलीतच काढा ना,” कोणीतरी म्हणालं. म्हणणारच. गंजाड इथून जवळ. जिव्या सोमा म्हसे तिथलेच, २०११ चे पद्मश्री. वारली चित्रकलेला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हापासून तर आमच्याकडे एसटी थांब्यापासून संडासापर्यंत प्रत्येक भिंतीवर तारपा वाजतो आहे. पण दादांनी इथे जे सांगितलं ते ऐकण्यासारखं होतं. वारली माणूस म्हणजे टोकाला टोक लावलेले दोन त्रिकोण. चित्र लहान करत चोवीस पिक्सेलवर आणलं की कंबर एका पिक्सेलची उरते, आणि पडद्यावर बाईचे दोन तुकडे दिसतात. कंबर जाड केली तर तो डमरू होतो. व्हेक्टरमध्ये काढावं, तर बांबूच्या काडीनं ओढलेल्या रेघेची थरथर जाते आणि सगळं विमानतळावरच्या पाटीसारखं गुळगुळीत होतं. बिटमॅप ठेवावा, तर थरथर राहते पण मोठं करता येत नाही. बायका शांतपणे ऐकत होत्या. एवढं बोलून झाल्यावर दादांनी सावकाश वही मिटली आणि म्हणाले, “म्हणून अजून ठरत नाही.”

पाऊस सुरू झाला. आवणी आली, गेली. दादांच्या वहीत रकाने वाढले.

भात कापायच्या सुमारास मी दुकानात बसलो होतो, तेव्हा गटाच्या सचिवबाई आल्या आणि त्यांनी मोबाइल पुढे केला. अॅप चालू झालं होतं. चार मोठी बटणं: कणगी, हात, बाण, गोल बसलेल्या बायका. बायकांना कंबर होती. सचिवबाईंची नववीतली मुलगी शेजारी उभी होती. तिनं पेन्सिलनं काढून, शाईनं गिरवून, फोटो घेऊन पाठवली होती. कंबर कशी जमली विचारलं, तर म्हणाली, “सगळ्या बसलेल्या दाखवल्या. बसल्यावर कंबर कोण बघतो?”

दादांनी मोबाइल नाकाजवळ नेला, लांब धरला, परत जवळ आणला. “आधी जेपीजीत केली असशील. जेपीजीला पारदर्शकता नसते. चित्रामागे पांढरा चौकोन येतो.”

“आला होता,” मुलगी म्हणाली. “मग फोटोपीत टाकून मागचं पांढरं काढलं आणि पीएनजी केली. ब्राउझरमध्येच उघडतं, काही बसवावं लागत नाही.”

दादांचा चेहरा उजळला. शिष्या कोणाची, हे त्यांना बघायचं होतं. “फोटोपी! बरोबर निवडलंस. कोणी सांगितलं तुला?”

“तुम्हीच, दादा. मागच्या दिवाळीत. मी स्कॉलरशिपचा फॉर्म भरायला आले होते.”

दादा जरा वेळ गप्प बसले. मग त्यांनी वही उघडली, पेनचं टोपण काढलं आणि विचारलं, “बरं, आणि ब्राउझर कोणता घेतलास?”