आत्या आल्या, आलं आलं

मला दिवस गेल्याची बातमी नवऱ्याने आधी त्याच्या आईला सांगितली की आत्यांना, यावर आमच्या घरात अजून वाद आहे. तिसऱ्या दिवशी आत्या आल्या एवढं मात्र खरं. इंदूरच्या लोकमान्य नगरातून बसने खंडवा रोडला लागल्या, सिमरोलला उतरल्या आणि आयआयटीच्या फाटकावर अडल्या. पहारेकऱ्याने विचारलं, "माताजी, थैले में क्या है?"

"आलं आहे."

"आलू? जाने दो."

"आलू नाही रे बाबा, आलं! अदरक!" भाच्याच्या सुनेसाठी एवढा खटाटोप करून आणलेल्या औषधाला कुणी बटाटा म्हणावं, हे त्यांना सहन झालं नाही. फाटकावर त्यांनी गाठ सोडून पुरावा दाखवला म्हणे.

म्हणजे सुनेसाठी नव्हे, भाच्याच्या बायकोसाठी. पण आत्या अशी नाती मोजत नाहीत. गर्भार बाई दिसली की ती त्यांची सून.

उपाय सांगणाऱ्या माणसाला आजारी माणूस लागतोच असं नाही. "कशी आहेस?" या प्रश्नाला तुम्ही "बरी आहे" सोडून दुसरं काही म्हणालात की पुरे. मला तर सातव्या आठवड्यात काही म्हणायचीही सोय नव्हती. तोंड उघडलं की मोरीकडे धाव. त्यात आमचं गाव इंदूर. इथल्या माणसाला सकाळी पोह्यांवरच्या जिरावनचा वास आल्याशिवाय उजाडत नाही, आणि मला तो तीन बिल्डिंगींपलीकडून आला तरी अंधारून यायचं.

आत्यांच्या पिशवीतून एकेक वस्तू निघू लागली. आल्याचा रस मधात. आलेपाक. धण्याचं पाणी खडीसाखर घालून. साळीच्या लाह्या, त्यांचं पाणी आणि त्या पाण्याची साय (असं काही असतं यावर माझा आजही विश्वास नाही). हुंगायला अर्धं लिंबू. एका पुडीत राखाडी भुकटी होती. "हे काय?" तर मोरपिसाची राख, मधातून चाटायची. तिला मी हात जोडले. "घाबरू नको गं, आयुर्वेदातलं आहे," आत्या म्हणाल्या आणि पुडी मुकाट्याने परत पिशवीत गेली.

डॉक्टरीणबाईंनी आल्याला मान्यता दिली होती, पण हातचं राखून: सुंठ दिवसाला साधारण ग्रॅमभर, त्याहून फार नको. आत्या हसल्या. "ग्रॅम म्हणजे किती? आम्ही बोटाचं पेर मोजतो." कुणाचं बोट, हे मात्र ठरलेलं नव्हतं. बाईंनी ब-६ जीवनसत्त्वाची गोळीही लिहून दिली होती. तिच्यावर आत्यांचा संशय होता, आणि तो अगदीच उगाच नव्हता. १९५७ साली जर्मनीत एक गोळी निघाली, गर्भारपणातल्या मळमळीवर सर्रास दिली गेली आणि हातापायांनी अधू अशी हजारो मुलं जन्मल्यावर १९६१ मध्ये मागे घेतली गेली. थॅलिडोमाइडची ही हकीकत त्यांनी कधीतरी पेपरात वाचली होती. तेव्हापासून त्यांच्या लेखी सगळ्या गोळ्यांचं आडनाव एकच.

नवरा शास्त्राच्या बाजूने उतरला. डिसेंबर २०२३ मध्ये 'नेचर'मध्ये आलेला निबंध त्याने आत्यांना चहाबरोबर वाचून दाखवला. गर्भातून जीडीएफ-१५ नावाचं संप्रेरक आईच्या रक्तात येतं; जिच्या अंगात ते आधीपासून कमी असतं तिला ते जास्त बाधतं. आत्यांनी कप खाली ठेवला. "म्हणजे सवय नसली की लागतं. मी हेच चाळीस वर्षं सांगत्ये, मला कोण विचारतंय!"

गाठ पडली ती वरच्या मजल्यावरच्या तमिळ मामींशी. त्यांनी नारतंगायचं लोणचं आणलं: महाळुंगासारखं फळ, मीठ लावून उन्हात कडक वाळवलेलं. एक तुकडा जिभेवर ठेवला आणि तासभर पोट शांत. आत्या काही बोलल्या नाहीत. रात्री पाणी प्यायला उठले तर स्वयंपाकघरात दिवा, आणि आत्या बरणी उघडून चव घेत उभ्या. "मीठ जास्त आहे," म्हणाल्या, आणि आणखी एक तुकडा घेतला.

दहाव्या आठवड्यात एक दिवस असा आला की पाण्याचा घोटही टिकेना. लघवी गडद, उभं राहिलं की चक्कर. मला वाटलं, आता राखेची पुडी निघणार. आत्यांनी पिशवीकडे पाहिलंदेखील नाही. नवऱ्याला म्हणाल्या, "गाडी काढ. याला आलं नाही, सलाइन लागतं." इंदूरपर्यंत पंचवीसेक किलोमीटर त्या माझ्यापुढे पातेलं धरून बसल्या. दवाखान्यात नर्सने विचारण्याआधीच सांगितलं: पाणी कधीपासून टिकत नाही, लघवी किती वेळा, वजन किती उतरलं. एवढं यांना कसं माहीत, हे नंतर सासूबाईंकडून कळलं. पहिल्या खेपेला आत्याच पंधरा दिवस सलाइनवर होत्या. सगळ्या आळीने आल्याचे रस पाजले होते, एकही टिकला नव्हता.

"मग इतकं आलं कशाला आणता?" मी विचारलंच.

"अगं, काहीतरी हातात घेऊन यायला नको?"

चौदाव्या आठवड्यात मळमळ थांबली, बहुतेकींची थांबते तशी. श्रेयाची वाटणी अजून चालू आहे. नवरा म्हणतो ब-६, मामी म्हणतात नारतंगाय, डॉक्टरीणबाई म्हणतात चौदावा आठवडा. आत्या वाद घालत नाहीत. मागच्या रविवारी पुन्हा आल्या. फाटकावर तोच पहारेकरी.

"माताजी, आलू?"

"ओवा," आत्या म्हणाल्या. "बाळंतिणीचा."

मला अजून पाचवा महिना चालू आहे.