दुतोंड्या मारुतीचे माप

महसुलाच्या बारनिशीत ज्याने उमेदीची वर्षे घालवली, त्या मनुष्यास जगातील सर्वांत निरर्थक विशेषण कोणते असे विचारल्यास तो निःशंकपणे ‘तातडीचे’ असे उत्तर देईल. कारण ज्या कचेरीत प्रत्येक लखोट्यावर तांबड्या शाईने हे विशेषण विराजमान झालेले असते, तेथे ते नसलेला लखोटाच कुतूहलापोटी प्रथम फोडला जातो. माझ्या या व्यासंगाची कीर्ती नाशिकच्या सातपूरपर्यंत कशी पोहोचली कोण जाणे, परंतु घरपोच भाजी पुरविणाऱ्या माझ्या भाच्याने, ग्राहकांच्या कोणत्या तक्रारींचा निकाल आधी लावावा हे ठरविण्यासाठी मला सन्मानपूर्वक पाचारण केले.

मंडळी तरुण, उत्साही आणि परस्परांवर रुष्ट होती. विक्री सांभाळणाऱ्या गृहस्थांच्या मते, एका बड्या हॉटेलवाल्याचा कोथिंबिरीच्या जुडीविषयीचा तगादा हेच राष्ट्रीय संकट होते. गाड्या सांभाळणाऱ्यांना त्र्यंबक रस्त्यावरच्या कोंडीपलीकडे जगात दुःखच दिसत नव्हते. आणि हिशेबनीस, ग्राहकांचे परत करावयाचे पैसे थकले आहेत एवढे एकच वाक्य, जपमाळेच्या निष्ठेने, पुनःपुन्हा उच्चारीत होते. इतक्यात एका विद्वानाने पारेटोचे नाव काढले. या इटालियन अर्थशास्त्रज्ञाने संपत्तीच्या विषम वाटणीचा अभ्यास केला, आणि पुढे विसाव्या शतकात जोसेफ जुरान यांनी त्याचे नाव कारखानदारीतील दोषांना जोडून, बहुतेक दोष मोजक्याच कारणांतून उद्भवतात असे प्रतिपादन केले. हा सिद्धान्त सर्वांना तत्काळ मान्य झाला. ती मोजकी कारणे दुसऱ्याच्या खात्यात आहेत याविषयीही कमालीचे मतैक्य दिसले.

अखेर मी गोदाघाटावरील दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीचा दाखला दिला. गंगापूर धरणातून किती हजार क्युसेक पाणी सोडले हे सरकारने कितीही अचूक जाहीर केले, तरी पावसाळ्यात नाशिककर विचारतो ते एवढेच, “मारुतीला कुठवर आलं?” गुडघ्याला म्हटले तर तो चहा मागवतो, कमरेला म्हटले तर घाटालगतचा दुकानदार खालच्या फळीवरचा माल वर घेऊ लागतो, गळ्याशी आले म्हणजे सराफ बाजारातही धावपळ उडते, आणि २०१६ किंवा २०१९ च्या ऑगस्टप्रमाणे डोक्यावरून गेले, की मग विचारणाराच उरत नाही, सगळे पाहायला पुलावर गेलेले असतात.

दाखला मंडळींना एवढा रुचला, की तिसऱ्या प्रहरापर्यंत प्रत्येक तक्रारीवर ‘गुडघा’, ‘कंबर’, ‘गळा’ असे शेरे पडले; आणि पाहतो तो काय, एकूण एक तक्रारी गळ्याशी! कोथिंबिरीची जुडीसुद्धा नाकातोंडात पाणी जाऊन गुदमरत होती. घाटावरचा मारुती निर्वाळा देऊ शकतो ते तो दगडी आहे, एकटा आहे आणि पाणी वाढले म्हणून स्वतः खाली बसत नाही या गुणांमुळे. इथे मात्र प्रत्येक खातेप्रमुखाने आपापला मारुती घडवला होता, तोही सोईस्कर ठेंगणा.

म्हणून सर्वांसाठी एकच मारुती असावा असा मी आग्रह धरला, आणि बऱ्याच वितंडवादानंतर, संध्याकाळचा स्वयंपाक सुरू होईपर्यंत भाजी न पोहोचलेली घरे किती, हे माप मुक्रर झाले. त्यातही, एकदा भाजी चुकल्यावर चकार शब्द न काढता ज्यांनी पुन्हा मागणीच नोंदवली नाही, ती घरे धरावीत असे मी सुचविले. कारण जो दूरध्वनीवर आपला उद्धार करतो, त्याने निदान पुढच्या खेपेची आशा सोडलेली नसते, आणि जो मुकाट्याने पंचवटीतल्या भाजीवाल्या मावशींकडे परतला, त्याची नोंद कोणत्याही तक्रारवहीत सापडत नाही. हिशेबनिसाने निमूटपणे जुन्या याद्या काढल्या. त्या वाचून झाल्यावर गाड्यांची खेप दुपारी लवकर सुटली पाहिजे ही बाब निर्विवाद पहिली ठरली, थकलेले पैसे दुसरे आले आणि कोथिंबीर मारुतीच्या पायाशी जाऊन बसली.

विक्रीवाल्या गृहस्थांना हा फैसला जिव्हारी लागला. त्यांनी मारुतीला दोन तोंडे कशासाठी, असा शास्त्रीय प्रश्न उपस्थित करून, एक बड्या गिऱ्हाइकाशी गोड बोलण्यासाठी आणि दुसरे मालकाला खरे काय ते सांगण्यासाठी राखून ठेवावे असा ठराव मांडला. आणि त्याला अनुमोदन देण्यासाठी गाड्यांचे खाते, दिवसभरात प्रथमच, उठून उभे राहिले.